डावीकडे कललेली खूण

मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी मोटारगाडी आहे आणि आज मी भयंकर चिडले आहे.

१९६९ साली मिशिगनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. आठ सिलिंडरचं इंजिन, सिंहासारखा आवाज. तेव्हा प्रत्येक कामगार आपलं काम तपासून गाडीवर खडूने बरोबरची खूण करी. स्टीअरिंगचे बोल्ट तपासायला बर्नाडीन नावाची वीस वर्षांची मुलगी होती. ती डावखुरी, म्हणून तिची खूण डावीकडे कललेली. अकरा वर्षांनी जुन्या गाड्यांच्या एका दुकानाबाहेर तिने माझं बॉनेट उघडलं, इंजिनामागच्या पत्र्यावर ती खूण पाहिली आणि मला विकत घेऊन घरी आणलं. तिची मुलं माझ्यातून शाळेत गेली. दोन लाख मैल मी धावले, पण खूण पुसू नये म्हणून त्या पत्र्याला तिने कधी पाणी लागू दिलं नाही.

काल गावच्या मैदानावर जुन्या गाड्यांची स्पर्धा होती. माझ्या शेजारी १९८७ सालची काळी गाडी उभी होती. सहाच सिलिंडर, पण टर्बोमुळे माझ्याहून वेगवान, असं म्हणतात. म्हणतातच, कारण ती जन्मात जेमतेम दोनशे मैल चालली आहे. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच!

परीक्षक हॅलोरन माझ्या उघड्या बॉनेटमध्ये वाकले आणि बर्नाडीनला म्हणाले, "बाई, ही खूण बनावट आहे. आमच्या पुस्तकात ती उजवीकडे कलते."

"पुस्तक लिहिणारा तिथं बोल्ट आवळत होता का?"

"चिडू नका. जुनी गाडी घेताना भलेभले फसतात."

"मी कशी फसेन? खूण मीच केलीय!"

काळीचा मालक क्रेग खो खो हसला. "बाईसाहेब, चाकाचा शोधही तुम्हीच लावला असेल!"

माझ्या अंगाची आग आग झाली. जिने मला घडवलं, तिलाच खोटी ठरवता?

बर्नाडीनने तिथं खेळणाऱ्या मुलींकडून खडू मागून घेतला आणि हॅलोरनच्या हातातल्या पाटीवर डाव्या हाताने झर्रकन खूण ओढली. ते कधी पाटीकडे बघत, कधी माझ्याकडे. मग टोपी काढून म्हणाले, "माफ करा. मी 'अस्सल' लिहितो."

"मोठ्या अक्षरात लिहा," ती म्हणाली.

पहिलं बक्षीस तरीही काळीलाच मिळालं, का, तर ती वापरलेली नाही! संध्याकाळी ती सुरूच होईना. तिला ढकलत ट्रेलरवर चढवताना क्रेगला धाप लागली.

"दर रविवारी फिरव रे तिला, बिचारीला!" बर्नाडीन ओरडली.

मित्रांनो, माझा राग त्या काळीवर नाही. पळण्यासाठी जन्मलेलीला कोंडून ठेवलं, यात तिचा काय दोष? गाड्या जपा, पण त्यांना धावू द्या. आणि कुठल्याही वस्तूला खोटी म्हणण्याआधी, ती घडवणारे हात अजून आहेत तोवर त्यांना एकदा विचारा. माझ्यावर खुणा करणारे बाकीचे सगळे हात आता गेले.