सिस्टरची रिकामी दोरी

आमच्या भोकरदनच्या गल्लीत माणसापेक्षा त्याच्या दोरीवरचे कपडे जास्त बोलतात. कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या घरी पाळणा हलला, सगळं ओसरीतल्या दोरीवर कळतं. म्हणून सिस्टर सत्यशीलाबाईंची दोरी रिकामी राहू लागली, तेव्हा मला ते बिलकुल पटलं नाही.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स. घरात एकट्या. जालन्याच्या मिशन दवाखान्यातली एक गोरी नर्स मायदेशी परतताना कपडे वाळवायचं यंत्र त्यांना देऊन गेली होती. पांढऱ्या पत्र्याचा डबा, आत फिरणारा पिंप आणि त्यात गरम हवा. दोन साड्या वाळवायला एवढं यंत्र? समोरच्या जयवंताबाई मावशी म्हणायच्या, "झाकून ठेवण्यासारखं कायतरी हाय. बाप्याचा सदरा असंल." मावशींच्या या बोलण्याचा मला राग यायचा, पण तोच सदरा माझ्याही डोक्यात घर करून बसला होता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिल्यांदाच श्रावणात अशी झड लागली, आणि नेमकं यंत्र बंद पडलं. जळालेल्या मोटरी भरून देणं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळणं, हा माझा धंदा. बाईंनी मला बोलावलं. पण बोलावणं तरी कसं!

"पुंजारामभाऊ, यंत्र पुढच्या खोलीत ओढून ठेवलंय. आत यायचं काम न्हाई."

आत यायचं काम नाही! मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. आतल्या दाराला पडदा होता. बाई त्या पडद्यापुढे पाट टाकून बसल्या आणि माझ्या हातांवर नजर ठेवली. मी त्यांच्यावर संशय घेत होतो आणि त्या माझ्यावर.

टेस्टलॅम्प लावून बघितला. करंट बराबर येत होता. बटण दाबलं तर मोटर नुसतीच गुरगुरली आणि जळका वास सुटला. वायर काढली, पिंप हातानं फिरवून बघितला, जागचा हलेना. पट्टा उतरवला तसा मोकळा फिरू लागला. म्हणजे अडकलं होतं ते मोटरीच्या बाजूला.

कपड्यांची रुई जिथे जमते ती जाळी आधी काढली. रुई पांढरी निघायला हवी होती. निघाली निळी. सिस्टर तर निळं कधी नेसत नाहीत. सापडला सदरा! मला भलताच आनंद झाला. जाळी एका कोपऱ्यात फाटली होती, म्हणून पंख्याचं झाकण उघडलं. पंख्याच्या दांड्याला काहीतरी करकचून गुंडाळलेलं होतं. पक्कडीनं उलगडत गेलो, तर लाल रिबन. पोरी वेणीला बांधतात ती.

"ही कुणाची?"

"माझीच."

चाळिशीच्या बाई, मानेवर घट्ट अंबाडा. त्या रिबन बांधणार कुठं? तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी खोकलं. तोंड दाबून काढलेला, लेकराचा खोकला.

बाईंचा चेहरा पडला. मग एका दमात बोलल्या, "माझ्या बहिणीची पोर हाय, नंदा. बहीण गेली माझी. बाप वाटूरला. बारा वर्षांच्या लेकराचं लगीन लावून राह्यलाय, चाळिशीच्या बिजवराशी. अंगावरच्या निळ्या झग्यानिशी आणली मी तिला. औरंगाबादेत मुलींच्या वसतिगृहात जागा मिळंपर्यंत झाकून ठेवायची. दोरीवर एक झगा दिसला की बातमी वाटूरला गेलीच म्हणून समजा. यंत्र बंद पडल्यापासून आतच वाळत घालते. ओलं घालून पोरीला खोकला धरला. आता काय सांगायचं ते सांगा गल्लीत."

त्या बापाचा मला असा संताप आला की पान्हा दोनदा निसटला. खाली मान घालून मी मोटर सोडवली. पार जळाली होती. तार जालन्याहून आणावी लागणार होती.

"तोवर कसं करू?" बाईंनी विचारलं.

मी पोरीचे ओले कपडे मोटरीबरोबर पोत्यात भरले. "माझ्या घरी चुलीपाशी वाळतील. तिथं कोण बघतंय?"

आसराबाई, माझी बायको, तिला सगळं सांगितलं. तरी चुलीचा धूर लागतो म्हणून तिनं निळा झगा सरळ ओसरीतल्या दोरीवर टाकला. आम्हाला दोन्ही पोरगेच! मी ओरडलो, तर म्हणाली, "आपल्या दोरीवर कोण हुडकायला येतंय?"

बाजारच्या दिवशी मी ओसरीत तार गुंडाळत बसलो होतो. मावशी आल्या. मागे घोंगडी पांघरलेला माणूस.

"पुंजाराम, हे सांडू. वाटूरचे, सिस्टरचे दाजी. पोरगी हुडकून राह्यले. सिस्टर कुलूप लावून दवाखान्यात गेल्या. यंत्रासाठी तू घरात गेल्ता ना? कोणी दिसलं का?"

"मोटर दिसली," मी म्हटलं. "जळालेली."

सांडूला काही ते पटलं नाही. तो ओसरीत चढला. झगा त्याच्या तोंडासमोर होता. माझा हात थांबला. त्यानं तो झगा हातानं बाजूला सारला आणि आमच्या घरात डोकावून बघितलं. आत आसराबाई भाकरी थापत होती.

"हा झगा कुणाचा गं?" मावशींनी विचारलं.

"भाचीचा," आसराबाई मान वर न करता म्हणाली.

"चला, दवाखान्यातच जातो," म्हणत सांडू उतरला आणि पावसात निघून गेला. बापानं पोरीचा झगा हातात धरला आणि त्याला तो ओळखू आला नाही.

मावशी मात्र तिथेच उभ्या. आमची सोयरीक त्यांनीच जमवलेली. आसराबाईला ना बहीण ना भाऊ, आणि मीही एकटाच, हे त्यांना पक्कं ठाऊक. आता बोंब ठोकतात, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. त्यांनी समोर सिस्टरच्या कुलपाकडे बघितलं. मग झग्याकडे. मग दोरीवरचा झगा काढला, घडी केली आणि आत नेऊन आसराबाईजवळ ठेवला.

"धूर लागला तर लागू दे," त्या म्हणाल्या. "अन् पुंजाराम, ती मोटर जल्दी भर."