द्वारकाबाईची शेवटची मोट

मित्रांनो, मी एक जुनी मोट आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. गोठ्याच्या आढ्याला मला टांगून ठेवलं आहे. कातडं वाळलं, सोंड तडकली, पण राग तेवढा ओलाच राहिला.

तुम्ही मोट पाहिली नसेल. विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोठी पिशवी म्हणजे मी. वर लोखंडी कड्याचं तोंड, खाली हत्तीसारखी सोंड. बैल उतारानं चालत गेले की मी भरून वर येते आणि थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी हौदात, रिती होते. तिथून पाणी पाटानं वाफ्यात जातं.

तेव्हा निजाम सरकारचा अंमल होता. चिकलठाण्याच्या शिवारात गावकुसाबाहेरच्या बन्सीनं मला शिवलं. मेल्या बैलाचं कातडं त्यानं कमावलं, टाका टाका ओढून पाहिला. पण विहिरीच्या काठावर पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती. तहान लागली की तो खाली उभा राहून ओंजळ धरायचा आणि वरून कुणी पाणी ओतायचं. पाणी माझ्याच पोटातलं. मला पहिला राग आला तो तेव्हा.

मला हाकायची द्वारकाबाई. नवरा पुंजाराम अबोल माणूस, तो खाली पाणी वळवत वाफ्याला दारं धरायचा. ही वर बैलांमागं गात राहायची:

मोट भरून वर आली, कातड्याला फुटला पान्हा
वाफ्यामंदी निजला माझा वांग्याचा गं तान्हा

मी गळले की शिव्याही घालायची. मग सांजेला करंजीचं तेल घेऊन बसायची आणि लेकराला चोळावं तशी मला चोळायची. एकदा चोळता चोळता नवऱ्याला म्हणाली, "अवं आशाचे बाप, मी मेले तर मला पैठणला नेऊ नका. लई लांब हाय, अन् तिथं वळखीचं कोण बी नाय. माझी राख हिच्यात घाला अन् वांग्याला सोडा."

पुंजाराम हसला. "तुझ्या राखंची वांगी तिखट व्हतील."

"व्हऊ द्या. तुमाला सवय हाय."

पुढच्याच हिवाळ्यात तापानं ती गेली. बांधाला तिची चिता पेटली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला पुंजारामचे थोरले भाऊ काकासाहेब आले. शहरात गुलमंडीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, सदरा पांढरा शुभ्र. चिता विझवायला पाणी हवं, तर म्हणाले, मोट हाका. लेक आशाबाईनं बैल जुंपले, मी पाणी दिलं. राख मडक्यात भरली. मग विटाळ फेडायला आंघोळ हवी. काकासाहेब सदऱ्यासकट थारोळ्यात उभे राहिले, माझी सोंड डोक्यावर घेतली आणि देवाचं नाव घेत शुद्ध झाले.

पुंजारामनं तेव्हा बायकोची इच्छा सांगितली.

"शी," काकासाहेब म्हणाले. "पुंजा, मेल्या जनावराचं कातडं ते. बन्सीच्या हातचं. त्यात घरच्या लक्ष्मीची राख? मडकं मी पैठणला नेतो."

पुंजारामनं मान खाली घातली. मित्रांनो, काकासाहेबांपेक्षा मला त्या खाली गेलेल्या मानेचा संताप आला. जिनं जन्मभर त्याच्या रानाला पाणी पाजलं, तिच्यासाठी एक शब्द निघेना. मला तोंड आहे, वाचा नाही. नाहीतर मीच बोलले असते.

बोलली आशाबाई. बैलाच्या पाठीवरचा हात तिनं काढला नाही. "काका, आत्ता अंगावर काय घेतलं तुम्ही?"

काकासाहेबांच्या सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं.

"ते वाहतं पाणी असतं, पोरी. त्याला दोष नाय."

"मग माय बी वाहूनच जाईल की."

बैलानं शेपटी हलवली. मग पुंजाराम उठला आणि भावाच्या हातातलं मडकं त्यानं काढून घेतलं.

"आशे, मोट बुडव."

"अरे, मग पैठणला मी काय नेऊ?"

"ओला सदरा न्या, दादा."

मी विहिरीत गेले. भरून वर आले तशी आशाबाईनं बैल थोपवले. पुंजारामनं वाकून मडकं माझ्या तोंडात रितं केलं. तेवढं जड मी कधीच उचललं नव्हतं. मग बैल एक पाऊल पुढं गेले, सोंड सुटली, आणि करडं पाणी पाटानं निघालं. पुंजाराम फावडं घेऊन पुढं पळत होता, एकेका वाफ्याचं दार उघडत होता आणि गात होता. त्याचा गळा मी पहिल्यांदा ऐकला. अगदी बेसूर होता.

पुढं विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन आलं आणि मी आढ्याला गेले. काकासाहेबांनी पुन्हा आमच्या विहिरीचं पाणी घेतलं नाही. वांगी मात्र दर हंगामाला गुलमंडीला मागवून घेतली. म्हणे, अशी चव कुठं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, असं मी सांगणार होते. पण नुसतं मला तेल लावून माझा राग जायचा नाही. बन्सी म्हातारा झाला आहे, अजून खालीच उभा राहतो. आधी त्याला हात धरून काठावर आणा. त्याचं पाणी त्याला स्वतःच्या हातानं घेऊ द्या. मग या माझ्याकडे करंजीचं तेल घेऊन.