तेलाचा ब्रेक

परातीत नट पडला आणि पडवीत टण्ण आवाज झाला. पोत्यावर पेंगलेली छबू दचकून उठली आणि आधी आईकडे, मग बापाकडे, आबांकडे बघू लागली.

"निसटला," मनकर्णा म्हणाली.

"निसटू दे. परात त्यासाठीच ठेवलीय." आढ्याला दोरीने टांगलेल्या सायकलीच्या पलीकडे मच्छिंद्र उकिडवा बसला होता. "आदी बोटानं बसव. पाना मागनं."

मनकर्णाने नट पदराला पुसला आणि पुन्हा बोटाने फिरवायला घेतला. मच्छिंद्रचा उजवा हात तिच्या हाताच्या वीतभर अंतरावर येऊन थांबला होता. डावा नेहमीसारखा टॉवेलाखाली होता. एकाहत्तरच्या डिसेंबरात त्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. पलटणीत तो गाड्या चालवायचा आणि दुरुस्तही करायचा. कोल्हारला घरी येऊन त्याला सव्वा वर्ष झालं होतं.

सायकलीला दोन ब्रेक आणि दोन मुठी, आणि दाबायला हात एकच. पुढचा एकटा ब्रेक दाबून उतार उतरायचा तर माणूस हँडलावरून पुढे जाऊन पडणार. म्हणून त्याने जुने लोखंडी दांडे काढून टाकले होते. त्या जागी जीपला असतो तसा तेलाचा ब्रेक बसवायचा होता. उजवी मूठ दाबली की हँडलाजवळच्या छोट्या सिलिंडरातलं तेल दोन रबरी नळ्यांतून पुढे-मागे पळणार आणि दोन्ही चाकं एकदम धरणार. सिलिंडर लष्करी लिलावातल्या भंगारातला होता. चाकाजवळचे दोन बारके सिलिंडर सायकल दुकानवाल्या भिमाजीने लेथवर करून आणले होते. डोकं मच्छिंद्रचं आणि हात मनकर्णाचे.

करंगळीएवढी जाड काळी नळी तिने हँडलापासून वरच्या दांडीवरून मागे नेली. सीटखालून वळवली, मागच्या चाकाशी आणली. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या, त्यांनी ती जागोजागी बांधली. कडब्याच्या पेंढ्या बांधणारे हात. गाठ मारली की बोट शिरायचं नाही.

"आता हँडल फिरव," मच्छिंद्र म्हणाला.

तिने फिरवलं. नळी ताणली गेली आणि हँडल अर्ध्यात अडलं.

"वळनावर काय करू मी? उतरून सायकल उचलून ठिवू?"

छबू हसली. मनकर्णाही हसली, पण तोंड खाली घालून.

"हितं ढील सोड. वीतभर. नळी गाडीसंगं वळली पायजे."

तिने गाठ सोडली. सोडताना पुन्हा विचारलं, "वीतभरच ना?" तिला ते ऐकू गेलं होतं. पण गेल्या दहा दिवसांत या माणसाचं जेवढं बोलणं तिच्या कानी पडलं, तेवढं लग्नाच्या सात वर्षांत पडलं नव्हतं. आधी तो सुट्टीला यायचा, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. आणि कायमचा आला तो फक्त 'हं' म्हणायला. भाकरी वाढू का, हं. दिवा बारीक करू का, हं. आता तो नट म्हणायचा, नळी म्हणायचा, डावीकडनं म्हणायचा. चुकलं तर चिडायचा. कळलेलंही ती एकदा पुन्हा विचारून घ्यायची.

हे सगळं येत्या गुरुवारसाठी होतं. नदीपलीकडच्या तीन वाड्यांना डाक पोचवायला माणूस हवा होता. गुरुवारी साहेब येणार होते. थैली लावून, पुलाचा उतार उतरून सायकल चालवून दाखवायची होती. दुसरा एक उमेदवार होता आणि त्याचे दोन्ही हात धड होते.

मंगळवारी भिमाजी येऊन बघून गेला. सायकलीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "मच्छिंद्रा, उद्या हिला मागं जायचा गेर लाव. म्हंजी डाक परत न्ह्यायलाबी सोपं."

"तू आदी पैलवानाचं पंक्चर काड. तीन दिस झालं त्याला चालत फिरतंय ते."

"वैनी, ह्याची मिल्ट्री उतरली न्हाई अजून," भिमाजी म्हणाला आणि खिशातून पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. पुडीत पाच रबरी वायसर होते, लहान टोप्यांसारखे. सिलिंडरात लागणार होते चार, एक जादा. सोबत पिवळट तेलाची एक लहान बाटली होती. "ब्रेकचं तेल हाय. सांडू नका, मोजून आनलंय."

बुधवारी सकाळी मच्छिंद्र डॉक्टरचा दाखला आणायला नगरला निघाला. उंबऱ्याबाहेर चपला सरकवत म्हणाला, "तेवडे वायसर धुऊन ठेव. जमलं तर बसवून टाक. हवा काडायला मी येतोच."

जमलं तर बसवून टाक. ती त्या शब्दांपाशी थोडा वेळ उभी राहिली. असं त्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं.

भिमाजीच्या दुकानात सायकलीचा प्रत्येक भाग रॉकेलने धुतात. साखळी, छर्रे, फ्रीव्हील, सगळं. तिनेही वाटीत रॉकेल घेतलं आणि पाचही वायसर त्यात टाकले. धुणीभांडी, शेण-पाणी आवरून दुपारी चार बाहेर काढले. कापडाने कोरडे केले, मच्छिंद्रने दाखवलं होतं तसे गुळगुळीत काडीने सिलिंडरात ढकलले. काल कोरडेच लावून पाहिले होते तेव्हा सैल वाटले होते. आज अगदी घट्ट बसले. तिला बरं वाटलं. पाचवा तसाच वाटीत राहिला आणि वाटी चुलीमागच्या फळीवर.

संध्याकाळी मच्छिंद्रने तेल भरलं. ती मूठ दाबत राहिली आणि नळीच्या टोकातून येणारे बुडबुडे छबू मोजत राहिली. बुडबुडे संपल्यावर त्याने उजव्या हाताने मूठ आवळली. दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली. त्याने पुन्हा सोडून पुन्हा आवळली.

"वायसर तू बसवले?"

"व्हय."

"कडक झालाय," तो म्हणाला. मग जेवताना, कुणी काही विचारलेलं नसताना, पुन्हा म्हणाला, "कडक झालाय हां."

गुरुवारी ती आडावरून दोन घागरी घेऊन आली, तेव्हा तो सायकलीच्या मागे वाळू भरलेली थैली बांधत होता. एका हाताने आणि दाताने. ती पुढे झाली तशी त्याने दोरी तिच्याकडे दिली.

"पेटीतले बूट काड."

"चपला नकोत?"

"साहेब हाय ना."

तिने पलटणीतले बूट काढले. वर्षभरात त्यांना बुरशी चढली होती. खोबरेल लावून पुसले. त्याच्या पुढ्यात बसून नाड्या बांधल्या. पुढच्या वळणापर्यंत तो सायकल हातात धरूनच गेला. तिला वाटलं, अंगणातून बायका बघतात म्हणून.

दोन-अडीच तासांनी भिमाजी आला. "गेला का न्हाई साहेबाकडं?" म्हणत उंबऱ्यावर टेकला. मनकर्णाने चहा टाकला. चहाला वाटी घ्यायला हात वर केला तर रॉकेलची वाटी खाली आली. भिमाजीने सहज तिच्यात पाहिलं. बोट घालून वायसर बाहेर काढला. तो पुडीतल्यापेक्षा चांगला दीडपट झाला होता आणि दाबला तर मऊ लागत होता.

"वैनी, हे कशाला टाकलंय ह्यात?"

"धुवायला. सगळेच धुतले. तेच म्हनले, धुऊन ठेव."

भिमाजीने वायसर वाटीच्या काठावर ठेवला. "ब्रेकचं रबर रॉकेलात धूत न्हाईत. ब्रेकच्याच तेलात धुत्यात. रॉकेलानं फुगतं ते. आदी गच्च बसतं. मग अडकतं, न्हाईतर कड फाटून तेल सोडतं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मिल्ट्रीत पयल्याच दिवशी शिकवत्यात हे. त्याला वाटलं आसंल, ह्यात काय सांगायचं."

चहा उतू गेला. मनकर्णा तोवर रस्त्यावर होती.

बाजारतळ ओलांडून पुलाच्या उतारापर्यंत अर्धा मैल होता. तिच्या पायात काही नव्हतं. उसाची गाडी आडवी आली, ती गाडीच्या बाजूने काट्यातून गेली. मागे भिमाजी छबूला सायकलीवर घेऊन येत होता आणि काहीतरी ओरडत होता.

उताराच्या माथ्यावर ती थांबली. खाली रस्ता पुलापर्यंत मोकळा दिसत होता. पुलावर एक ट्रक. पुलाच्या अलीकडे, कठड्याच्या बाजूने, एक माणूस सायकल ढकलत चढ चढत होता. उजवा हात सीटवर, हँडलाला डाव्या कोपराचा आधार. त्याच्या चालीवरून तिने ओळखलं. तिने पदर सारखा केला आणि दम आवरला. दुसऱ्याच कुणाची वाट बघत असल्यासारखी बाजूला उभी राहिली.

"हिकडं कुठं?" जवळ येत मच्छिंद्रने विचारलं.

"भिमाजीभावजी आल्येत."

भिमाजी तोवर पोचला होता. "साहेब काय म्हनला?"

"एक तारखेपास्नं ये म्हनला."

"आन् ब्रेक?"

मच्छिंद्रने सायकल कठड्याला टेकवली. मागच्या चाकावर, नळीच्या टोकाखाली, तेलाचा ओघळ धुळीत माखून काळा झाला होता. "वरनं सुटलो आन् निम्म्यात मूठ खाली गेली. तुजे वायसर जुने निघाले, भिमा."

"साहेबानं बघितलं न्हाई?"

"साहेब खाली हुता. त्याला सायकल थांबलेली दिसली."

भिमाजीने मनकर्णाकडे पाहिलं. ती मच्छिंद्रच्या पायांकडे पाहत होती. उजव्या बुटाची टाच रस्त्यावर घासून खिळ्यांपर्यंत गेली होती. तिने तोंड उघडलं.

"जुनेच हुते," भिमाजी आधी म्हणाला. "उद्या नवे आनून देतो."

"ते मी—" मनकर्णा म्हणाली.

"चल," मच्छिंद्र म्हणाला. "भूक लागलीय. भाकरी केली का?"

घरी येईपर्यंत तो एक तारखेबद्दल बोलत राहिला. कुठल्या वाडीला आधी जायचं, कुठे विहिरीपाशी थांबायचं, पावसाळ्यात थैलीवर काय टाकायचं. ती व्हय व्हय म्हणत चालत होती. तळव्यात काटा होता, तो तिने काढला नाही.

मच्छिंद्र मागे न्हाणीत पाय धुवायला गेला. मनकर्णा चुलीपाशी बसली. वाटी तिथेच होती, काठावर तो फुगलेला वायसर. तिने तो चुलीत टाकायला उचलला. रॉकेल कुठे ओतावं हे कळेना म्हणून वाटी हातात धरून राहिली. छबू येऊन तिच्या मांडीला खेटली.

"आई, आबांनी ही वाटी सकाळीच बघितलीया."

"कवा?"

"तू पान्याला गेल्तीस तवा. आबांनी ब्रेक दाबला, तो उशिरा सुटला. मग त्यांनी तेलाचं झाकन काडून आत बोट घातलं आन् बोटाचा वास घेतला. मग घरात आले आन् वाटीचा घेतला. मला म्हनले, आईनं ह्यात धुतले का गं? मी म्हनलं, व्हय."

न्हाणीतून तांब्याचा आवाज येत होता. मनकर्णाने वाटी खाली ठेवली.

"मग काय म्हनले?"

"वाटी परत फळीवर ठिवली. मग म्हनले, आईला सांगू नको." छबूने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "का गं आई? तुला का सांगायचं न्हाई?"