उघड्या हातांची रोटी

“पाहुणे आले की हात बाहीत, सोलिहा.” आईला जाऊन वर्षं लोटली, पण फाटकाची कडी वाजली की तिचा आवाज कानाशी येतो आणि माझे हात आपसूक आत जातात.

मनगटापासून बोटांपर्यंत पांढरे डाग आहेत. मर्गिलान शहराच्या बाजारात आमच्या रोट्यांना चांगली मागणी. भाजते मी, विकते होसियत वहिनी. गिऱ्हाइकांना वाटतं, तिच्याच हातच्या. पाच वेळा नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करताना तेवढे माझे हात उघडे होतात. अल्लाला त्यांची कधी अडचण झाली नाही.

आज वहिनीच्या लेकीची, गुलचेहराची सोयरीक ठरायची होती. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मिळून रोटी मोडली की शब्द पक्का. ती रोटी पाहुण्यांपुढे मीच ठेवीन, असं वचन पोरीने माझ्याकडून घेतलं होतं.

पाहुणे बसले तशी वहिनी तंदूरपाशी आली. “तू इथंच थांब. रोटी मी नेते.”

“शब्द दिलाय, वहिनी.”

“शब्द! मुलाची आई कशी बघतेय, ठाऊक आहे? ‘घराण्यातच आहे’ म्हणाली की उठलीच. मग बसेल तुझी भाची तुझ्यासारखी, जन्मभर रोट्या थापत!”

बोलून गेली आणि तिचीच मान खाली गेली. चहाची किटली उचलून ती निघून गेली. मी मनातल्या मनात पैगंबरांवरचं दरूद म्हणत राहिले.

तेवढ्यात गुलचेहरा आली. नटलेली, पण चेहरा उतरलेला.

“आत्या, येतेस ना?”

“माझ्यापायी मोडेल गं तुझं.”

तिने मागे वळून पाहिलं आणि रेशमी बाही वर सारली. कोपराच्या आत पांढरा ठिपका होता, मसुरीच्या दाण्याएवढा.

मी झटकन तिची बाही खाली ओढली. “आईला...?”

“नाही सांगितलं. आत्या, तुझे हात बघून उठणार असतील, तर आजच उठू देत. तिथं जाऊन मी किती दिवस बाही ओढत बसू?”

अंगणातल्या बैठकीतून मुलाच्या आजोबांचा आवाज आला, “अहो, रोटी आणा! नाहीतर भुकेपोटी आम्ही नवरदेवालाच मोडून खाऊ!” सगळे हसले. वहिनीचं हसू तेवढं ऐकू आलं नाही.

मी तंदूरचा जाड हातमोजा खिळ्याला अडकवला. वजूला दुमडते तशा बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. मग गरम रोटी दोन्ही तळव्यांवर घेतली आणि बिस्मिल्ला म्हणून अंगणात उतरले.