भरघोस सहकार्य

वळसंगात पोरगं दहावीला बसलं की फाट्यावर शुभेच्छांचा फ्लेक्स लागतो, पास झालं की दुसरा लागतो, आणि नापास झालं तर पहिला काढायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. या सगळ्या फ्लेक्सांचा मजकूर लिहायचा महेश्वरनं. खताबियाणांचं दुकान हे त्याचं पोट आणि फ्लेक्स ही त्याची हौस. वाघाचं काळीज, गोरगरिबांचा कैवारी, दिलदार दोस्त, असली बिरुदं गावात त्यानंच वाटली होती. त्यातले निम्मे वाघ रात्री एकटे परसाकडं जात नसत, पण ते वेगळं.

पुतणी चंद्रिका स्पेनला जाणार असं कानावर आल्यावर त्याचा हात थांबणं शक्यच नव्हतं.

खरं तर ती जाणार असं कुणी म्हटलंच नव्हतं. चंद्रिका सोलापुरात विद्यापीठात शिकत होती. सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागा तेल्या रोगानं बसतात, त्या रोगावर तिचं काम चाललं होतं. स्पेनमधल्या एका प्रयोगशाळेनं तिला शिकायला बोलावलं. खर्चाचं मात्र तुमचं तुम्ही बघा, म्हणाले. विद्यापीठाकडं अशा मुलांसाठी निधी होता. तिनं अर्ज केला होता, समितीची बैठक व्हायची होती. एवढंच ती आईला, चन्नम्माला, भाकरी खाता खाता बोलली.

चन्नम्मानं ते दिराला सांगितलं आणि आठवड्याच्या आत फाट्यावर फ्लेक्स उभा राहिला. कोपऱ्यात चंद्रिकेचा बारावीतला फोटो. मधे विमान. विमानापेक्षा मोठे गावचे पुढारी इंद्रजीतभाऊ, गॉगल लावून हात जोडलेले. खाली ठळक अक्षरं: 'वळसंगची सुकन्या निघाली स्पेनला! मा. इंद्रजीतभाऊ यांच्या भरघोस आर्थिक सहकार्याने!'

भाऊंनी दमडी दिली नव्हती. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पण लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसे फ्लेक्सवर भाऊ असायचेच, आणि भाऊ म्हटलं की सहकार्य आलंच.

आता गुरुवारी अर्धं सोलापूर अक्कलकोटला दर्शनाला जातं, आणि रस्ता वळसंगावरून आहे. त्या गुरुवारी निधी समितीच्या प्रमुख दानेश्वरी मॅडमही गेल्या. येताना फाट्यावर त्यांची गाडी थांबली.

दुसऱ्या दिवशी चंद्रिका दुकानात आली.

"चिक्कप्पा, भाऊंनी किती पैसे दिले?" बापाच्या धाकट्या भावाला त्यांच्या घरात कानडी रीतीनं चिक्कप्पा म्हणत.

"कुटले पैसे?"

"मी पण मॅडमना हेच म्हटलं. त्यांनी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला."

"फोटो बरा आलाय न्हवं? विमान मीच टाकायला लावलं."

"ज्याला बाहेरून मदत मिळते त्याला विद्यापीठ देत नाही. माझा अर्ज बाजूला ठेवलाय. बैठकीच्या आत भाऊंकडून लिहून आण म्हणाल्या, मदत दिली नाही म्हणून."

"हात्तिच्या! भाऊ आपलाच माणूस हाय की."

दोघं मोटारसायकलवरून भाऊंच्या बंगल्यावर गेली. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"मी काहीच दिलं न्हाय, असं मी लिहून देऊ? महेश्वर, निवडणूक तोंडावर आलीय. उद्या तो कागद विरोधकांच्या हातात पडला म्हंजे?"

"पण भाऊ, खरंच दिलं न्हाय की."

"ते मला ठाऊक हाय, तुला ठाऊक हाय. गावाला कशाला?"

महेश्वरच्या तोंडून निघून गेलं, "मग भाऊ, देऊनच टाका."

भाऊ लगेच फोनमध्ये काहीतरी बघू लागले. चहा आला. चहा संपल्यावर भाऊ उठले, चंद्रिकेच्या खांद्यावर एक शाल टाकली आणि फोटो काढायला लावला. दोघं मोटारसायकलपाशी पोचेपर्यंत तो फोटो सगळीकडं फिरला होता. वर लिहिलं होतं: 'भाऊंनी पुन्हा दिला मदतीचा हात!'

दुकानावर परतल्यावर चंद्रिका बियाणांच्या पोत्यावर बसली.

"चिक्कप्पा, फ्लेक्स भाऊंनी लिहिला नाही. तुम्ही लिहिला. मनानं लिहिलं, असं तुम्ही प्रतिज्ञापत्र दिलंत तरी चालेल. मी मॅडमना फोनवर विचारलं."

महेश्वरनं तराजू उगाच पुसला. "चंद्री, भाऊ माझं दुकान बंद पाडतील. आणि गाव काय म्हनंल? एक खोटं म्हटलं की समदेच फ्लेक्स खोटे झाले की गं."

तिनं ती शाल काउंटरवर ठेवली आणि एसटी धरायला निघाली. तिची चाल जत्रेतून रिकाम्या हातानं परतणाऱ्या पोरासारखी दिसली, आणि महेश्वरला ते बघवेना.

तेवढ्यात बिरुदेव आला. गेल्या दिवाळीपासून तो खताची उधारी 'उद्या देतो' म्हणत होता.

"अण्णा, माझा वाढदिवस आलाय. झकास लिहा. नावाआधी 'शब्दाला जागणारा' टाका."

महेश्वरची नजर उधारीच्या वहीवर गेली. मग त्याला हसू फुटलं, ते आवरेना. शटर ओढून त्यानं मोटारसायकल काढली आणि थेट सोलापूरला कोर्टाबाहेर झाडाखाली बसणाऱ्या वकिलापुढं जाऊन बसला.

"लिहा. सदर मजकूर मी माझ्या मनाने लिहिला असून इंद्रजीतभाऊंनी काहीही दिलेले नाही."

"शाल?" वकिलानं विचारलं. त्यानंही फोटो बघितला होता.

"शाल माघारी द्यायला तयार हाय म्हणून लिहा."

"आणि भाऊंनी कधीच काही दिलं नाही असं लिहू, की फक्त या वेळी?"

"या वेळचंच लिहा. बाकीचं लोकांना ठाऊक हाय."

समितीनं प्रतिज्ञापत्र वाचलं, शालीवर बरीच चर्चा केली, शाल उबेसाठी असून प्रवासासाठी नाही असं ठरवलं आणि निधी मंजूर केला.

ते प्रतिज्ञापत्र गावाच्या ग्रुपवर कसं आलं कोण जाणे. महेश्वर पारावरून जाऊ लागला की कुणीतरी हाक मारायचं, "अण्णा, माझं वाघाचं काळीज बी मनानंच का?" बिरुदेवनं आपला मजकूर टेंभुर्णीच्या मेव्हण्याकडून लिहून घेतला. भाऊंनी फोन उचलणं बंद केलं. महेश्वर दुकान बसायची वाट बघू लागला.

जायच्या दिवशी सगळं घर फाट्यावर उभं होतं. एसटी आली, आणि तिच्या पुढ्यात भाऊंची गाडी आडवी झाली. माईक निघाला.

"काही लोक विचारतात, भाऊंनी काय दिलं?" भाऊ गरजले. "मी छातीठोकपणे सांगतो, काहीही दिलं नाही! स्टॅम्पपेपरवर आहे! अरे, मी दिलं असतं तर विद्यापीठानं दिलं असतं का? नियमच आहे तसा! मनावर दगड ठेवून मी हात आखडता घेतला. मग या लेकीला स्पेनला धाडलं कुणी?"

"भाऊंनी!" फाटा दणाणला. बिरुदेवचा आवाज सगळ्यांत मोठा.

भाऊंनी महेश्वरकडं बघून मान डोलावली. दुकान वाचलं होतं. टाळ्या वाजवाव्यात तर त्याच्या दोन्ही हातांत बॅगा होत्या.

चंद्रिका पदराआड हसू लपवणाऱ्या आईमागून पुढं आली. "चिक्कप्पा, हे मात्र नियमात बसतंय."

"तू आदी गाडीत बस," महेश्वर बॅग आत ढकलत म्हणाला. "भाऊंनी आनखी कशात हात आखडता घेतला तर पंचाईत व्हईल."