बुवांनी दिलेला शब्द

ओतूरचे सावळारामबुवा कीर्तनात मधेच थांबले, तरी माणसं जागची हलत नसत. थांबणंही त्यांचं गोड होतं. पण दोन हजार एकच्या सप्ताहात ते थांबले ते थांबलेच. तोंडपाठ अभंगाचं पुढचं चरण काही येईना. विणेकरी भिमाजीनं नामाचा गजर उचलून धरला, म्हणून वेळ निभावली. देवाच्या मनात काय असतं कोण जाणे! बुवांची एकुलती लेक कल्याणी बंगळुरात नेमक्या याच विस्मरणाच्या आजाराचा अभ्यास करत होती.

मेंदूच्या पेशींना चमकते रंग द्यायचे आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकातून त्यांचे फोटो काढायचे, हे तिचं काम. सुट्टीत आली तेव्हा तिनं ते फोटो बुवांपुढे मांडले. हिरव्या पेशी, आत तांबड्या गाठी.

"रांगोळीच की गं!"

"दादा, या गाठींपायी पेशी मरतात. पण हे सगळं उंदरांचं. माणसाचा मेंदू मिळत नाही. मिळाला तरी माणूस गेल्यावर काही तासांतच काढावा लागतो."

बुवांनी फोटो गोळा करून तिच्या हातात दिले. मग म्हणाले, "माझा घे. देह दुसऱ्याच्या कामी यावा, असं जन्मभर लोकांना सांगितलं. आत टाळ सापडले तर भिऊ नको म्हंजे झालं."

पुढं ते लेकीचं नावही विसरले.

तीन वर्षांनी, वैशाखातल्या एका सकाळी बुवा गेले. कल्याणीनं बंगळुराहून फोन करून बुवांना न्यायला पुण्याच्या इस्पितळाची गाडी लगेच ओतूरला धाडली आणि स्वतः विमान धरलं. ती दारात आली तेव्हा उन्हं कलली होती. ओसरीवर मंडळी भजन करत होती. मधे बुवा, भोवतीच्या बर्फाच्या लाद्यांचं पाणी अंगणात आलेलं.

भिमाजी वीणा गळ्यात घेऊनच पुढं आला. "आलीस बाय! गाडी सकाळीच आली व्हती. चहा पाजून माघारी धाडली. म्हनलं, लेकीनं मुखात पानी घातल्याबिगर बुवांना कुनी हात लावायचा न्हाई. तुझ्यासाठी ठिवलंय बग. आता घे काय घ्यायचं ते."

कल्याणीनं घड्याळ पाहिलं; मेंदू काढायचे ते काही तास केव्हाच उलटले होते. दिवसभर गाऊन भिमाजीचा आवाज पार बसला होता.

"चुकलं का गं काय?"

"नाही काका. बरं केलंत."

तिनं बुवांच्या ओठांवर पाणी सोडलं.

गावच्या मांडवी नदीच्या काठी चिता पेटली. कवटी फुटल्याचा आवाज झाला, तशी माणसं परत फिरली. भिमाजीनं तिचा हात धरला.

"चल ताई. आता मागं वळून बगायचं नसतं."

चार पावलं ती त्याच्याबरोबर चालली. मग हात सोडवून वळली आणि जाळ खाली बसेतो बघत राहिली.