खमिराची बरणी आणि मिरचीचा रविवार

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि आपण बरणी आहोत अशी कल्पना करा. हात नाहीत, पाय नाहीत, नुसते पोट! तोंडावर फडके बांधलेले. पोटात पीठ आणि पाणी, आणि ते पीठ आतल्या आत हळूहळू श्वास घेते आहे. गुदगुल्या होतात ना? माझे सगळे आयुष्य अशा गुदगुल्यांत गेले. मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे आणि एका बेकरीच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर राहते.

मला घडवणारा कुंभार मोठा सावकाश माणूस होता. भट्टी विझली तरी तो तिचे दार लगेच उघडत नसे. त्याची बायको वैतागून म्हणायची, "अहो, आत भांडी आहेत की अंडी? उबवताय काय!" तो हसून म्हणायचा, "गार होऊ दे गं. घाईनं काढलेलं भांडं दारातच तडकतं."

मग या बेकरीच्या मूळ मालकाने मला आणले. त्याने माझ्यात खमीर घातले. पीठ आणि पाणी एकत्र आंबवले की त्यात जीव येतो, त्यालाच खमीर म्हणतात. त्यातला एक गोळा नव्या पिठात मळला की सगळे पीठ फुगते. खमिराला मात्र रोज खाऊ घालावे लागते. अर्धे काढायचे, तेवढेच ताजे पीठ आणि पाणी घालायचे, फडके बांधायचे आणि वाट बघायची.

ज्या रविवारी प्रार्थनामंदिरात प्रभुभोजन असे, म्हणजे येशूची आठवण करून सारी मंडळी एक पाव मोडून वाटून खात, त्या रविवारी पाव आमच्या खमिराचाच जाई. लोक म्हणत, "काय हलका झालाय पाव!" 'काय छान बरणी' असे कुणी कधी म्हणाले नाही. मला थोडे वाईट वाटे. खोटे कशाला बोलू?

मालकानंतर हे काम त्याच्या नातीकडे आले. तिला सगळे आत्या म्हणतात. एकदा आत्या स्टुलावरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरात गेला. तिचा भाऊ बेकरी बघू लागला. भला माणूस, पण सदा धावपळीत. तो बाजारचे तयार यीस्ट वापरायचा. मी मात्र बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांमागे ढकलली गेले. पोटातले खमीर उपाशी पडले. वर करडे पाणी साचले. मला वाटले, आपले दिवस भरले.

मला शोधून काढले ते त्या भावाच्या मुलीने. तिचे खरे नाव प्रार्थनामंदिरातल्या पाळकसाहेबांच्या वहीत असेल, घरात तिला मिरची म्हणत. राग नाकाच्या शेंड्यावर! धाकट्या भावाने, बारक्याने, पेन्सिल उचलली की हिने त्याचा कान पिळलाच समजा! रागाचा झटका ओसरला की रडायचीही हीच.

येत्या प्रभुभोजनात मिरची पहिल्यांदाच भाग घेणार होती. तिने मला फळीवरून उतरवले, फडके सोडले आणि नाक दाबून ओरडली, "आत्या, हे मेलंय गं!"

आत्या वाकून बघत म्हणाली, "मेलं नाही, उपाशी आहे. रोज घास भरव, उठून बसेल."

"रविवारपर्यंत?"

"ते त्याचं त्याला ठाऊक."

मिरची कामाला लागली. सकाळी पीठ घाली, पाणी घाली. इथवर ठीक. पण नंतर दर थोड्या वेळाने फडके वर! चमचा आत! "फुगलं का? फुगलं का?" बिचारे खमीर जरा डोळा लागला की दचकून उठायचे. बेकरीत वाढलेल्या मुलीलाच सुचेल अशी युक्तीही तिला सुचली. उबेने खमीर लवकर फुगते हे तिला माहीत होते. मग भट्टीची ऊब तर सर्वांत मोठी! तिने मला उचलून थेट तापलेल्या भट्टीच्या माथ्यावर ठेवले.

मित्रांनो, मी तडकले. अगदी कण्हत तडकले. आणि कडेचे खमीर चक्क शिजले.

आत्या धावत आली. डाव्या हातानेच तिने मला खाली घेतले, मधले चमचाभर कच्चे खमीर वाचवले आणि बाकीचे फेकून दिले. मिरची हुंदके देत होती. "माझं काहीच वाढत नाही! रोज प्रार्थना करते, देवा माझा राग घालव. आणि सकाळी पुन्हा बारक्याचा कान पिळला. आता ठरलं. खमीर फुगलं तरच मी प्रभुभोजनाला जाणार. नाही फुगलं, तर देवाला मी नकोय."

"देवाशी घासाघीस करतेस?" आत्या म्हणाली. "अगं, भाजीवाली तरी वैतागली असती."

मिरचीला हसू आले, पण तिने ते गिळले.

आत्या तिच्याजवळ बसली. "हे बघ बाळा, पेरणाऱ्यानं बी रोज उकरून बघितलं तर उगवेल का? तू घास भरव. वाढवणारा देव आहे. विश्वास म्हणजे काय, फडकं बांधून ठेवायचं."

"आणि आत काहीच होत नसलं तर?"

"तरी उद्या घास भरवायचा."

रविवार उजाडला. मिरची नव्या फ्रॉकमध्ये आली, तिने फडके उचलले. वाकून आत बघितले. खमीर सपाट, तळ्यातल्या पाण्यासारखे. साधे बुडबुडेसुद्धा नाहीत. ती स्टुलावर बसली आणि पायातले बूट काढू लागली. बाहेर तिचे बाबा यीस्टचा पाव कापडात गुंडाळून हाका मारत होते.

इतक्यात बारक्या आला. ताईला मदत करावी म्हणून त्याने माझ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि ढवळले. पीठ त्याच्या सदऱ्यावर, फळीवर आणि मिरचीच्या नव्या फ्रॉकवर! मी श्वास रोखला. आता कान गेला!

मिरचीने हात उचलला. त्याचा चिकट हात धरला, बादलीपाशी नेला आणि धुऊ लागली. "अरे गाढवा, फ्रॉक बघ माझा! बोटं पसर. नखातलं निघत नाहीये."

आत्या दारात उभी होती. "काय गं, आज कान नाही पिळलास?"

मिरची गोंधळली. भावाच्या कानाकडे तिने असे बघितले, जणू तो आजच उगवला होता.

"विसरले," ती म्हणाली.

आत्या पदराने डोळे टिपून हसली.

माझ्यातले खमीर फुगले ते पुढे एका साध्या कामाच्या दिवशी, कुणी बघत नसताना. माझा तडा अजून आहे. तो लिंपून आत्या मला आजही वापरते. पण मित्रांनो, या म्हातारीचे एक ऐका. तुमच्या मनात देवाने काही ठेवले असेल, तर ते सारखे उघडून बघू नका आणि भट्टीवरही ठेवू नका. त्याला रोज थोडे खाऊ घाला. एक प्रार्थना, एक क्षमा, एखादे निमूट केलेले काम. बरणीला स्वतःच्या आतले दिसत नाही. ते आधी दारात उभ्या असलेल्या माणसाला दिसते.

आणि त्या रविवारी? बाबांची आणखी एक हाक आली. मिरचीने माझ्यात मूठभर ताजे पीठ घातले, पाणी ओतले, फडके घट्ट बांधले. मग बूट चढवले, पिठाने माखलेल्या फ्रॉकसकट बारक्याचा हात धरला आणि प्रार्थनामंदिराकडे धूम ठोकली.